सूनियनचा सूर्यास्त गाठताना

अथेन्सच्या मुक्कामातील एक संध्याकाळ आम्ही दोघांनी सूनियनच्या भूशिरावरील पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या मंदिरासाठी राखून ठेवली होती. मंदिर शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे आणि किनाऱ्याने जाणारी बस तेथे पोहोचायला जवळजवळ दोन तास घेते. सूर्यास्ताची वेळ मी निघण्यापूर्वीच पाहून वहीत टिपली होती : साडेसहा. घोटाळा नेमका तेथेच झाला होता. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात आणि आमची सहल त्यानंतरच्या मंगळवारी होती. म्हणजे सूर्य साडेपाचच्या सुमारासच मावळणार होता. हे पत्नीच्या लक्षात आले, तेही आदल्या रात्री.

मग सगळा हिशेब सूर्यास्तापासून मागे मांडत आणला. मंदिराचा परिसर सूर्यास्ताला बंद होतो, शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी असतो, म्हणून दीड तास हाताशी ठेवून दुपारचीच बस धरली आणि उतरताना परतीच्या शेवटच्या बसची वेळ चालकाकडून पक्की करून घेतली.

तो दीड तास जास्त वाटला होता, पण पुरला नाही. येथील आधीचे मंदिर इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्याने उद्ध्वस्त केले. आजचे त्यानंतर, अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या काळात उभे राहिले. डोरिक या ग्रीक शैलीच्या खांबांवर सहसा २० पन्हळी, म्हणजे उभ्या खाचा, असतात, येथे मात्र १६ आहेत, आणि त्या मोजण्यातच माझा बराच वेळ गेला. (खांबावर कोरलेले इंग्रज कवी बायरनचे नाव मात्र दिसले नाही, कारण दोरीपलीकडे जाऊ देत नाहीत.) छायाचित्रासाठी मनात धरलेली जागाही चुकीची निघाली. मी पाहिलेले चित्र उन्हाळ्यातले होते. जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो, डिसेंबरात नैर्ऋत्येला, आणि या अक्षांशावर त्या दोन टोकांत सुमारे ६० अंशांचे अंतर पडते. शेवटी मंदिराला वळसा घालून पूर्वेच्या बाजूला गेलो, तेव्हा कुठे खांब प्रकाशाच्या आड काळे उभे राहिले.

पहारेकरी सर्वांना फाटकाकडे वळवू लागले तेव्हा आकाश अजून तांबडे होते. उरलेला रंग आम्ही कुंपणाबाहेर, वाऱ्यात कुडकुडत पाहिला. वहीतल्या साडेसहाला आम्ही अंधारात थांब्यावर बसची वाट पाहत होतो.