वाचनालयातले जुने पीसी आणि पेनड्राइव्हवरचं लिनक्स: माझा अनुभव

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात चार पीसी धूळ खात पडले होते. तीन पेन्टियम ४ आणि एक एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी. रॅम प्रत्येकी ५१२ एमबी, सगळ्यांवर विंडोज एक्सपी. एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ मध्येच थांबले, त्यामुळे हे पीसी नेटला जोडायची भीती. पण पुस्तकांच्या देवघेवीची सगळी नोंद त्यांच्यावरच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये. ग्रंथपाल काकूंनी आधीच बजावलं, "काय करायचं ते कर बाबा, पण हार्ड डिस्कला हात लावू नकोस." म्हणजे फॉरमॅट गेलं, ड्युअल बूट (एकाच डिस्कवर दोन सिस्टिम) हेही गेलं. उरला पेनड्राइव्ह: विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम थेट त्याच्यावरून चालवायची, आणि डिस्कला हातही लावायचा नाही.

मी पप्पी लिनक्स घेतलं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं हे लिनक्स मुळातच हलकं आहे, आणि रॅम पुरेशी असेल तर पूर्ण रॅममध्ये चढून चालतं. या जुन्या प्रोसेसरांना लागणारी ३२ बिटची आवृत्ती शोधणं मात्र आता सोपं राहिलेलं नाही. उबुंटू या लोकप्रिय लिनक्सने डेस्कटॉपसाठी ३२ बिटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) २०१७ मध्येच बंद केली, आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्ससारख्या चिवट मंडळींनीही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकला. उबुंटू १८.०४ च्या पॅकेजेसवर उभं असलेलं बायोनिकपप ३२ हे पप्पी मला पुरेसं होतं. रुफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रॅममध्ये जीपीटी या नव्या मांडणीऐवजी एमबीआर ही जुनी निवडली, कारण या पीसींना यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) ठाऊकच नाही, आणि पेनड्राइव्ह तयार केला.

पहिल्या पीसीला तो लावला तर निवांतपणे एक्सपी सुरू झालं. बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना आधी जागा होणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये गेलो. बूटच्या, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं त्या यादीत फ्लॉपी, सीडीरॉम, हार्ड डिस्क. यूएसबीचं नाव नाही. बरेच जण इथेच हात टेकतात. पण त्या काळातले अनेक बायोस पेनड्राइव्हला दुसरी हार्ड डिस्क समजतात. पेनड्राइव्ह लावूनच पीसी चालू करायचा, मग बायोसमध्ये 'हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी' असा वेगळा, आत दडलेला पर्याय असतो, त्यात तो दिसतो. प्लसचं बटण दाबून त्याला वर आणायचं. काही बायोसमध्ये यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी असे तीन पर्याय येतात, त्यातला शेवटचा घ्यायचा. आणि हे सगळं करायला जांभळ्या गोल पिनेचा जुना कीबोर्ड जवळ ठेवा. बायोसमध्ये यूएसबी कीबोर्डचा सपोर्ट बंद असेल तर नवा कीबोर्ड त्या निळ्या पडद्यावर मुका असतो.

पप्पी सुरू झालं. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन, "अरे, परत आपलं जुनंच आलं." बूटचा क्रम पुसला गेला होता. त्याच पीसीवर आदल्या दिवशी ब्राउझर प्रत्येक साइटला 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवत होता, आणि कोपऱ्यातलं घड्याळ जानेवारी २००२ दाखवत होतं. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. तो मेला की रात्री मेन स्विच बंद केल्यावर बायोस सगळं विसरतो. तारीख मागे गेली की साइट्सची प्रमाणपत्रं 'अजून लागू व्हायचीत' ठरतात. मल्टिमीटरवर तीन व्होल्टचा सेल दोनच्या आसपास होता. घड्याळवाल्याकडून नवे सेल आणून चारही पीसींत बसवले. माझं मत विचाराल तर जुन्या पीसीत लिनक्सचा पेनड्राइव्ह लावण्याआधी हा सेल बदलावा.

दुसऱ्या पीसीवर कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू व्हायचा आणि मग पप्पी म्हणायचं, माझी एसएफएस फाइल (ज्यात सगळं पप्पी दाबून भरलेलं असतं ती) सापडत नाही. फाइल तर तिथेच होती. कर्नलचे संदेश वाचले तर 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१' ही ओळ पुन्हा पुन्हा येत होती. ही तक्रार बहुतेक वेळा वायरिंगची किंवा विजेची असते. पुढचे यूएसबी पोर्ट कॅबिनेटमधल्या बारीक वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती वायर वीस वर्षांत सैल होते. पेनड्राइव्ह मागच्या, थेट बोर्डवरच्या पोर्टात लावला आणि पप्पी बिनबोभाट उघडलं.

तिसऱ्यावर पडदा काळा. ऑनबोर्ड ग्राफिक्सचं आणि नव्या कर्नलचं जमत नव्हतं. बूटच्या मेनूत टॅब दाबून ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (कर्नलने ग्राफिक्सला हात लावू नये) जोडलं, मग एक्सऑर्गविझार्ड या पडद्याच्या सेटिंगमध्ये व्हेसा हा साधा, सगळीकडे चालणारा ड्रायव्हर निवडला. चित्र आलं, थोडं ताणलेलं, पण आलं.

अ‍ॅथलॉनने मात्र घाम काढला. त्याच्या बायोसला यूएसबीवरून बूट करताच येत नाही. त्यासाठी प्लॉप बूट मॅनेजर हा छोटा प्रोग्रॅम सीडीवर लिहिला. त्याच्यात यूएसबीचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, त्यामुळे बायोसला विचारावंच लागत नाही. सीडी ड्राइव्हची लेन्स पुसल्यावर तेही जमलं. कर्नल चढायला वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो. पण ब्राउझर उघडला की लगेच बंद. टर्मिनलमधून चालवल्यावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढे दोनच शब्द आले. फायरफॉक्स ब्राउझरला लिनक्सवर २०१७ पासून एसएसई२ हा प्रोसेसरमधला सूचनांचा संच लागतो. पेन्टियम ४ मध्ये तो आहे, अ‍ॅथलॉन एक्सपीत नाही. याला पेनड्राइव्हवर इलाज नाही. तो पीसी आता अर्ज टाइप करायला ठेवलाय.

मराठी बातम्यांच्या जागी चौकोन दिसत होते. लोहित देवनागरी फॉन्ट फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला आणि प्रश्न मिटला.

खरा त्रास विजेचा. पप्पी बंद करताना तुमचे बदल सेव्ह फाइलमध्ये लिहितं. मध्येच लाइट गेली की ती फाइल बिघडू शकते. असं झालं की बूटच्या ओळीत 'पीफिक्स=रॅम' देऊन बूट करायचं. त्यात सेव्ह फाइल वगळली जाते, त्यामुळे पप्पी नीट उघडलं तर दोष सेव्ह फाइलचा, एवढं तरी पक्कं होतं. मग 'पीफिक्स=एफएससीके' देऊन ती तपासून घ्यायची. चांगल्या सेव्ह फाइलची एक प्रत मी घरच्या लॅपटॉपवर ठेवली आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून जुनी डीडीआर रॅम आणून तिन्ही पेन्टियम एक-एक जीबीचे केले, त्यानंतर परीक्षांचे निकाल आणि फॉर्म बघायला मुलं येऊ लागली. व्हिडिओ अजूनही अडखळतात आणि ते अडखळणारच. संध्याकाळी काकू पेनड्राइव्ह काढून ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि त्यांच्या एक्सपीवर देवघेवीची नोंद करतात.