भडोचला उतरलेली वाइन घाटावर आली का?

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक दिवसाची परिषद, विषय प्राचीन ग्रीस आणि रोम, ठिकाण पुण्यातच. नोटीस वाचून वर्गात पहिला प्रश्न आला, "ग्रीक येतंय कुणाला?" प्रश्न रास्तच होता. आमच्याकडे रोम म्हणजे परीक्षेच्या तोंडावर उरकलेली दोन युनिट्स. मी टी.वाय.ला, मैत्रीण एस.वाय.ला. तरी दोघींनी मिळून नाव दिलं, कारण निबंध मराठीत वाचायची मुभा होती आणि प्रमाणपत्र मिळणार होतं. उगाच मोठं कारण सांगण्यात अर्थ नाही.

आमच्या मॅडमनी गाइड व्हायला होकार दिला, पण अट घालून. "सीझर, क्लिओपात्रा, ग्लॅडिएटर यातलं काही नको. त्यावर तिकडची मुलं तुमच्यापेक्षा चांगलं लिहितात. एसटीने जाऊन बघता येईल असं काहीतरी आणा."

त्यातून 'पेरिप्लस' हाती आलं. इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषिक व्यापाऱ्याने इ.स. पहिल्या शतकाच्या मध्याला लिहिलेलं हे तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचं टिपण. साहित्यिक मजा शून्य, पण कुठल्या बंदरात काय खपतं याची यादी चोख. भडोचला, म्हणजे गुजरातमधल्या भरूच बंदरात, काय उतरवावं? तांबं, कथील, शिसं, पोवळं आणि वाइन. त्यातही इटलीची जास्त, मग सीरियातल्या लाओदिकेआची आणि अरबस्तानची. राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी मुलं वेगळी. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. कल्याणबद्दल तर चक्क तक्रार आहे: सत्ताबदल झाल्यापासून तिथे ग्रीक जहाज लागलंच तर पहाऱ्यात भडोचला नेतात. लोकलने कल्याणला जाणाऱ्या मैत्रिणीला हे वाचून फार बरं वाटलं.

पैठणहून गोमेद आणि तेरहून साधं कापड गाड्यांवर लादून, बिनवाटेच्या मुलखातून भडोचला जायचं, हे त्यात स्पष्ट आहे. उलट्या दिशेने काय आलं? मातीच्या जड कुंभातली वाइन एवढा प्रवास करून घाटावर पोचली का? हाच आमचा प्रश्न ठरला.

शॉफचा 1912 चा इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट मिळतो, त्यामुळे सगळे तोच वापरतात. कॅसनच्या 1989 च्या आवृत्तीत ग्रीक संहिता शेजारीच छापलेली आहे. मॅडमनी दोन्ही समोर ठेवून भडोच ते कल्याणचा भाग वाचायला लावला. सगळी मदार दहाव्या शतकातल्या, हायडेलबर्गला असलेल्या एका हस्तलिखितावर आहे आणि नक्कल करणाऱ्याने कल्याणच्या परिच्छेदात राजांच्या नावांचा इतका गोंधळ घातलाय की दोन्ही अनुवादांत माणसं वेगळी वाटतात.

खरी गंमत मात्र खापरांत निघाली. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळियांनी 1954 ते 1956 मध्ये नेवाशाला उत्खनन केलं, तेव्हा अँफोराचे, म्हणजे रोमन जगातल्या दोन कानांच्या कुंभांचे, तुकडे मिळाले. नेवासं प्रवरेवर, पैठणपासून फार लांब नाही. म्हणजे वाइन आली, विषय संपला, असं आम्हाला वाटत होतं. मग मॅडमनी प्राचीन खापरांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांचा 2007 चा लेख दिला. भारतात अँफोरा म्हणून नोंदलेली खापरं त्यांनी पुन्हा तपासली, तर त्यातली पुष्कळशी रोमन नव्हतीच. ती मेसोपोटेमियाकडच्या टॉर्पेडो जारची होती, आणि हे जार बरेचसे नंतरच्या काळातले.

एका संग्रहात परवानगीने दोन्ही प्रकारचे तुकडे हातात घेता आले. टॉर्पेडो जारच्या आतल्या बाजूला डांबराचा काळा थर असतो. नख लावून बघायचा मोह झाला, पण समोर सर उभे होते. या जाराला कान नसतात. दुसरा तुकडा नेपल्सच्या परिसरातला. भिंग धरलं की मातीत काळे चमकदार कण दिसतात, व्हेसुव्हिअसच्या बाजूची ज्वालामुखीची वाळू. पोहे निवडताना खडे दिसावेत तसे ते एकदा दिसले की पुन्हा दिसायचे थांबत नाहीत. "रोमन कशावरून?" याचं इतकं सरळ उत्तर मला पुस्तकात मिळालं नव्हतं.

गोषवारा, फॉर्म, प्राचार्यांची सही, हे सगळ्यांना करावं लागतं तेवढंच. प्रेझेंटेशनबद्दल एकच सांगते. पीपीटी पेनड्राइव्हवर नेली आणि सभागृहातल्या लॅपटॉपवर मराठी अक्षरांचे चौकोन झाले. मैत्रिणीने पीडीएफ मेलवर टाकून ठेवली होती म्हणून निभावलं. बारा मिनिटं बोलायचं, दहाव्या मिनिटाला घंटा. खापरांवर चार मिनिटं घालवायची हे आधीच ठरवलं होतं, त्यासाठी पैठणचा इतिहास पूर्ण कापला. कापताना मैत्रीण रुसली, पण तिलाही पटलं.

आमचा निष्कर्ष छोटा होता: घाटावर थोडी वाइन आली असावी, पण 'अँफोरा' असं लिहिलेली प्रत्येक जुनी नोंद मोजून व्यापाराचा आकडा काढता येणार नाही.

प्रश्न आला तो नाण्यांवर. परीक्षक म्हणाले, "भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी फायद्यात बदलून मिळतात असं तुमचंच पेरिप्लस सांगतं. रोमन लेखक प्लिनी म्हणतो, भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. मग रोमन नाण्यांचे मोठे साठे तमिळनाडूकडे का? आपल्याकडे का नाहीत?" मी म्हटलं, इथे ती वितळवून पश्चिम भारतातल्या क्षत्रप राजांची चांदीची नाणी पाडली असावीत असं एक मत आहे. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906 मध्ये त्यांच्यातल्याच नहपानाची 13,000 हून जास्त नाणी एकत्र सापडली, तेव्हा चांदीची ददात नव्हती एवढं नक्की. "असावीत म्हणजे? धातूची तपासणी वाचली का?" वाचली नव्हती, तसं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि पुढे प्लिनीवर घसरले: चैनीवर चिडलेल्या माणसाचा आकडा किती खरा धरायचा? तिथे मैत्रीण तयार होती. व्हिएन्नातल्या मुझिरिस पपायरसमध्ये, म्हणजे केरळच्या मुझिरिस बंदराशी झालेल्या व्यापाराच्या कागदात, हर्मापोलोन या एकाच जहाजाचा माल 70 लाख सेस्टर्सच्या घरात जातो, पण ती किंमत इजिप्तमधली. आणि प्लिनी स्वतःच म्हणतो की भारतातला माल तिकडे शंभरपट दराने विकतात. दोन आकडे एका तागडीत टाकता येत नाहीत. मला वाटतं त्या दिवशीचं आमचं सगळ्यात चांगलं वाक्य ते होतं, आणि ते माझं नव्हतं.

बक्षीस अथेन्सच्या नाट्यगृहांवर बोललेल्या मुलाला मिळालं, योग्यच मिळालं. चहाच्या रांगेत परीक्षकांनी विचारलं, "तेरचं लामतुरे संग्रहालय पाहिलंत का?" नाही म्हटल्यावर त्यांनी धाराशिवहून पुढे कसं जायचं ते सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलंय. क्षत्रपांच्या चांदीच्या तपासणीचे लेख मॅडमनी त्याआधी वाचून आणायला सांगितलेत.