तुम्ही विचारलंत म्हणून: हो, रामसेंचे सिनेमे मला खरंच आवडतात

एकदाच सगळं लिहून टाकते, कारण कुठलंही लग्न असो, गेट-टुगेदर असो, कोणीतरी विचारतंच. "तू एवढे चांगले चांगले सिनेमे बघतेस, मग हे रामसेंचे भुताखेतांचे वगैरे भिकार सिनेमे कसे काय आवडतात तुला? गंमत म्हणून बघतेस ना?" विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं, मी फक्त मान डोलवायची असते. "हो, टाइमपास" म्हटलं की सगळे खूश आणि विषय संपला. मी तसं म्हणत नाही म्हणून तो लांबतो. हल्ली त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, "बाई असून तुला हे बघवतं कसं?" दुसरा प्रश्न जास्त खरा आहे, त्याच्याकडे येणार आहे, पण आधी पहिला.

नाही, मी गंमत म्हणून बघत नाही. हसायला बघत नाही. "इतका वाईट की चांगला" हा जो एक प्रकार लोकांनी काढलाय ना, चार मित्र जमवायचे, वाईट सिनेमा लावायचा आणि प्रत्येक वाक्याला टाळ्या पिटायच्या, तो मला कधीच जमला नाही. मला तो सिनेमा बघण्याचा प्रकार वाटतच नाही, तो सिनेमा न बघण्याचा प्रकार आहे. आणि मुद्दाम वाईट बनवलेले सिनेमे, वावटळीतून शार्क उडतात वगैरे, ते तर मी पाच मिनिटांत बंद करते. ज्याने बनवलाय त्याचाच त्यावर विश्वास नाही, मग मी कशाला ठेवू?

रामसेंचा होता. एवढं सोपं आहे माझं म्हणणं, पण ते कोणाला पटवता येत नाही.

रामसे म्हणजे हिंदीत भुताखेतांचे सिनेमे करणारे भाऊ, जास्त सांगत बसत नाही, ज्यांनी 1993 नंतर रात्री टीव्हीवर त्यांचा झी हॉरर शो बघितलाय त्यांना माहितीये. फक्त एक गोष्ट लोक विसरतात. 1970 मध्ये त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात असा एक प्रसंग आहे, आणि पडलेल्या सिनेमात लोक तेवढ्या प्रसंगासाठी येतायत हे पोरांच्या लक्षात आलं. मग भावांनी वडिलांना गळ घातली की आपण फक्त तेवढंच करू, भीती. सात भाऊ. एक लिहिणार, एक कॅमेरा धरणार, एक साउंड, एक एडिटिंग, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. मॅस्केलीचं सिनेमॅटोग्राफीवरचं एक पुस्तक घेऊन काश्मीरला हाउसबोटीवर जाऊन शिकले. 1972 चा 'दो गज ज़मीन के नीचे' युनिट घेऊन महाबळेश्वरला जाऊन केला, सरकारी गेस्ट हाउसमध्ये राहून. ही माणसं चेष्टा करत नव्हती हो. घरचा पैसा आणि घरची माणसं पणाला लावून कोणी चेष्टा करत नाही.

आता, पूर्वी मी इथेच थांबायचे. कोणी हसलं की मी हा सगळा पाढा वाचायचे, बघा किती कमी पैशात केलंय, बघा किती जुगाड केलाय, आणि वर जगभरचे दाखले द्यायचे. अमेरिकेत सॅम रेमीने त्याच्या 'ईव्हिल डेड' या भयपटासाठी ओळखीपाळखीच्या लोकांकडून पैसे गोळा केले, कॅमेरा एका फळीवर बसवला आणि दोघं जण ती फळी धरून जंगलातून पळाले. तिथल्याच रोमेरो या दिग्दर्शकाच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलंय, कारण सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट. हे सगळं खरं आहे आणि मला अजूनही सांगायला आवडतं, पण तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं की बाई, तू नक्की कशाची बाजू घेतेयस? कमी पैशात केलं म्हणजे चांगलं केलं असं थोडंच आहे? कमी पैशात केलेले ढिगाने सिनेमे मी बघितलेत आणि त्यातले बरेचसे रटाळ आहेत, अर्धा वेळ माणसं जिने चढतात आणि दारं उघडतात. फळी स्वस्त होती म्हणून रेमीचा तो शॉट भारी नाहीये. कॅमेरा जमिनीलगत झाडांमधून अशा वेगाने येतो की काहीतरी येतंय हे पटतं, आणि जे येतंय ते सिनेमा शेवटपर्यंत दाखवत नाही, म्हणून तो भारी आहे. जुगाडाचं कौतुक करणं हा माझा भित्रेपणा होता, कारण "मला या सिनेमाने खरंच धरून ठेवलं" असं चारचौघांत म्हणायची लाज वाटायची.

ती लाज एका रात्री गेली, आणि नेमकं त्याच रात्रीपासून दुसरा प्रश्न माझ्या मागे लागला.

ताईकडे आम्ही मावस-मामेभावंडं जमलो होतो. मुलं झोपली होती. मावसभावाने ठरवलं 'पुराना मंदिर' लावायचा आणि फुल धिंगाणा करायचा. मी म्हटलं लाव, पण मी धिंगाणा करणार नाही. सिनेमा 1984 चा. सामरी नावाचा सैतान, अजय अग्रवालने केलाय, मूळचा शिकलेला सिव्हिल इंजिनिअर माणूस. ती उंची आणि तो चेहरा असा की नुसता दारात उभा राहिला तरी पुरे. राजा त्याला पकडतो, त्याचं डोकं आणि धड वेगळं करून दोन ठिकाणी ठेवतो, आणि सामरी शाप देतो की तुझ्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. इथपर्यंत आमच्याकडे हशा चालू होता, डायलॉग रिपीट करणं चालू होतं, सामरीचा आवाज काढणं चालू होतं.

मग कथा आत्ताच्या काळात येते. ठाकूर म्हणजे प्रदीप कुमार. 'ताजमहल'मधला देखणा शहाजहान आता म्हातारा झालेला. त्याची मुलगी सुमन एका मुलाच्या प्रेमात आहे आणि बाप ऐकतच नाही. मुलाकडे पैसा नाही, घराणं नाही, हे सगळं आहेच, पण खरं कारण वेगळं आहे आणि ते तो शेवटी सांगतो. मुलीचं लग्न झालं की तिला दिवस जाणार, आणि दिवस गेले की ती मरणार. तो मुलीच्या प्रेमाच्या विरोधात नाहीये, त्याला ती जिवंत हवीये. प्रदीप कुमार हे सगळं असं सांगतो की त्यात एक टक्काही "अहो सिनेमा आहे" नाहीये, तो माणूस घाबरलेला आहे.

आमच्यातले दोघं तेव्हाही हसत होते. भाऊ म्हणाला, "ठाकूरसाहेब, सरळ नर्सिंग होमला नाव घाला की!" आणि ताई एकदम म्हणाली, "गप रे. ऐकू दे."

ओरडली वगैरे नाही. पण तो आवाज ऐकून सगळे गप्प झाले, कारण सगळ्यांनाच माहीत होतं. ताई पहिल्या वेळेला वाचली हेच नशीब. रक्त थांबत नव्हतं, बाटल्या आणायला पळापळ झाली होती, बाबा त्या कॉरिडॉरमध्ये उभ्याचे बसलेच नव्हते. आणि दुसऱ्यांदा तिला दिवस गेले तेव्हा बाबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. महिनोन् महिने. ती घरी आली की ते बाहेर जायचे. आम्ही सगळे तेव्हा बाबांवर चिडलो होतो, किती विचित्र माणूस, मुलीला गोड बातमी आणि हा तोंड फिरवतोय. आई रडायची. कोणीही त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आता ते नाहीतच.

सिनेमा पुढे चालू राहिला, मच्छरसिंगचा तो कॉमेडी ट्रॅक आला, पण आता कोणी हसायला तयार नव्हतं, भाऊ बिचारा मोबाइल बघत बसला. सगळे झोपल्यावर ताई माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा असेच होते ना गं दुसऱ्या वेळेला. असंच तोंड होतं त्यांचं." एवढंच. मला रडू आलं, तिला नाही आलं.

तुम्हाला वाटेल झालं, मिळालं हिला उत्तर, हाच तो खरेपणा. मलाही वाटलं. मी लगेच फुशारून लिहायला घेतलं की बघा, ज्या सिनेमाला तुम्ही भिकार म्हणता त्याने आमच्या घरात जे कोणाच्या तोंडून आलं नाही ते बोलून दाखवलं. लिहिलेलं ताईला वाचून दाखवलं, तिचं नाव येणार होतं म्हणून. आणि ताई भडकली.

ती म्हणाली, "मला तो सिनेमा आवडला असं कोणी सांगितलं तुला? मला तो भयंकर वाटला. शाप कोणाला दिलाय? राजाला. मरतंय कोण? बायका. त्या बायकांनी काय केलं होतं? आणि सोडवणार कोण, दोन धट्टेकट्टे पुरुष. बाईला काय वाटतं ते कोणी विचारलंय का त्या पोरीला? बापाची भीती दाखवली, छान दाखवली, मला बाबा आठवले. पण मरणार मी होते ना गं. माझी भीती कुठंय त्यात?"

मी काहीतरी म्हणाले. म्हणाले की 1984 चा सिनेमा आहे, तेव्हाचे मोठ्या बॅनरचे सिनेमे तरी कुठे विचारत होते. ती म्हणाली, "मग मोठ्यांपेक्षा हे खरे असं कशाला सांगतेस?"

याला माझ्याकडे उत्तर नाहीये. तेव्हाही नव्हतं. आणि वर रामसेंच्या सिनेमात नायिकेला आंघोळ करताना दाखवायला कॅमेऱ्याला जो निवांत वेळ मिळतो तो मी बघितलेला नाही असं थोडंच आहे, तेवढ्या जिवावर तिकिटं विकली जायची हेही मला माहीत आहे. तर "बाई असून कसं बघवतं" याचं उत्तर असं की कधीकधी बघवत नाही. तरी बघते. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही, निदान माझ्यापुरतं तरी.

पण मी एक गोष्ट सोडणार नाही. ताई जे बोलली ते तिला बोलता आलं कारण तिने तो सिनेमा ऐकला. "गप रे, ऐकू दे" म्हणाली म्हणून तिला बाबा दिसले, आणि म्हणूनच स्वतःची भीती त्यात नाही हेही तिलाच दिसलं. हसणाऱ्या दोघांना यातलं काहीच दिसलं नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. सिनेमावर चिडायचं असेल तरी आधी तो खरा मानावा लागतो. हसण्यात तुम्ही मोठे आणि सिनेमा छोटा हे आधीच ठरून जातं, मग भांडणार कोणाशी?

एड वुड या अमेरिकन दिग्दर्शकाच्या 'प्लॅन नाइन'चं घ्या. 1980 मध्ये कोणीतरी त्याला आजवरचा सर्वात वाईट सिनेमा ठरवलं आणि तेव्हापासून लोक हसायलाच बसतात. सिनेमा चांगला आहे असं मी म्हणणार नाही, नाहीचे तो चांगला. पण त्यातला नट बेला लुगोसी, जुना ड्रॅक्युला, 1956 मध्ये गेला, त्याचं थोडंसंच शूटिंग हाताशी होतं, आणि वुडने ते टाकून दिलं नाही, बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठ-मणक्यावर उपचार करणाऱ्याला, केप घालून, तोंडावर केप धरायला लावून उरलेले शॉट्स केले. त्या माणसाची उंची जुळत नाही, काही जुळत नाही. याला लोक खिदळतात. मला दिसतो तो एक गेलेला दोस्त, ज्याचं नाव एकदा तरी शेवटचं पडद्यावर यावं म्हणून कोणीतरी धडपडतंय. धंदाही होता त्यात, लुगोसीच्या नावावर सिनेमा विकायचा होता, मान्य. माणूस दोन्ही कारणांसाठी एकच गोष्ट करू शकतो.

ताईला म्हटलं की तुझी भीती ज्यात आहे असा एक सिनेमा माझ्याकडे आहे. 'कार्निव्हल ऑफ सोल्स', 1962. हर्क हार्वी नावाचा माणूस, अमेरिकेत कॅन्ससला शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी माहितीपट करायचा, आयुष्यात एकच कथापट केला तो हा. ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावर एक ओस पडलेला मोठा पॅव्हेलियन त्याला गाडीतून जाताना दिसला आणि त्यावरून सिनेमा सुचला. गाडी पुलावरून नदीत पडते, एक बाई चिखलातून चालत बाहेर येते, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी करते. आणि एके दिवशी दुकानात कपडे बदलून बाहेर येते तर जगाचा आवाज बंद. तिच्या चपलांचा तेवढा येतो. ती विक्रेतीशी बोलते, विक्रेती पुढे बघत राहते. रस्त्यावर माणसं चाललीयत, ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहतेय, कोणालाच ती दिसत नाही. काही इफेक्ट नाही, पैसा नाही, साउंड ट्रॅक काढून टाकलाय फक्त. मी तो प्रसंग बघते तेव्हा दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. जिचं कोणी ऐकतच नाही अशा बाईची ती गोष्ट आहे, आणि तीही एका पुरुषाने, सुट्टी काढून, चिल्लर पैशात केलेली.

ताई म्हणाली, बघू. तिला तो आवडेलच असं मी धरून चाललेले नाही, कदाचित ती मला परत झापेल की ही बाई सगळा सिनेमाभर पळतेच आहे, हिला काही करू का नाही दिलं, आणि त्यालाही माझ्याकडे उत्तर नसेल. भाऊ विचारतोय मीही येऊ का. त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.