हौदाचं झाकण

कोथरूडमधल्या एका जुन्या खानावळीच्या पाटीचं काम आलं होतं. मालकांच्या मुलानं पिंटरेस्टवरून साठेक चित्रं आधीच धाडली होती: जपानी कंदील, पोर्तुगीज फरश्या, कुठल्याशा मेक्सिकन कॅफेची भिंत. मीही त्यातच बुडाले आणि तीन पर्याय केले. देखणे होते, आजही म्हणेन.

दाखवायला गेले तर मुलगा खूश. त्याचे वडील गल्ल्यावर बसून मटकी निवडत होते. चष्मा कपाळावरून खाली घेत त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं.

"ताई, चांगलं आहे हो. पण हिंदी दिसतंय."

"काका, तुम्ही दिलेलंच नाव आहे."

"नाव आमचंच आहे. दिसतंय हिंदी."

मुलगा ओशाळला, मला राग आला. रिक्षात बसून पुन्हा फाइल उघडली आणि पाहिलं, तर काका बरोबर होते. नावात दोनदा ल, एकदा श. फाँटातला ल उजवीकडे उभा दंड असलेला, हिंदी वळणाचा. आपला ल असा दंडाला टेकून उभा राहत नाही; शिरोरेषेखालच्या छोट्या देठाला त्याच्या दोन पाकळ्या लोंबतात. काही फाँटांत दोन्ही रूपं असतात, मजकुराची भाषा मराठी निवडली की आपला ल येतो. मी निवडलेल्या फाँटात तो नव्हताच, आणि चौदा वर्षं अक्षरांवर पोट भरणाऱ्या मला ते दिसलंही नव्हतं. गंमत म्हणजे अ, झ आणि ण यांची मुंबई वळणाची, म्हणजे आपल्या मराठी धाटणीची, रूपं हिंदीनंही घेतली. ल आणि श मात्र आपणच सोडत गेलो. पाकळीचा ल आणि देठाचा श वापरा, हे सांगायला 2022 साली शासन निर्णय काढावा लागला.

ऑफिसात येऊन हातानं ल काढायला बसले. कॉलेजात असताना कमल शेडग्यांनी केलेली नाटकांची शीर्षकं जाहिरातींतून कापून वहीत चिकटवायचे, ती वही काढली. पण त्या अक्षरांना नाटकाचा तोरा. मला वरण-भाताचं अक्षर हवं होतं. तेव्हा आजोबा आठवले. मिरजेत त्यांना सगळे पेंटरच म्हणत. खडू फासलेली दोरी पत्र्यावर ताणून ते टण्णकन सोडायचे, की पांढरी रेघ उमटायची. ती दोरी धरायचं काम माझं. मी ती ढिली धरायचे आणि शिव्या खायचे.

आईला फोन केला. "आजोबांची एखादी पाटी आहे का गं?"

"हौदावर आहे की."

एका लाँड्रीवाल्यानं पैसे बुडवले म्हणून पाटी घरीच राहिली आणि पुढं हौदाचं झाकण झाली. अक्षरं खालच्या बाजूला, त्यामुळं इतकी वर्षं मी त्यावर बसून शेंगा खाल्ल्या तरी ती पाहिली नव्हती. आईनं शेजारच्या पोराला हाताशी घेऊन पत्रा उलटा केला, काथ्यानं घासला आणि फोटो पाठवला. बरंचसं गंजानं खाल्लेलं, पण 'लाँड्री'तला ल शाबूत. निळ्या ऑइलपेंटचा, काठाला पिवळी रेघ. डावी पाकळी उजवीपेक्षा चांगलीच मोठी, आणि मधल्या वळणावर ब्रश दाबल्याचा फुगवटा.

"डावीकडं मोठं का केलंय गं?"

"घाई झाली असेल. दिवसाला चार पाट्या करायचे."

मी तो ल स्क्रीनवर गिरवला. पहिल्यांदा सवयीनं दोन्ही पाकळ्या सारख्या केल्या, तर तो अगदी औषधाच्या खोक्यावरचा वाटायला लागला. पूर्ववत केलं, फुगवटाही ठेवला. बाकीची अक्षरं त्याच्या जाडीवरून काढली. श गंजात गेला होता, तो मात्र माझाच. नीट पाहिलं तर कळतं. रात्री साडेनऊला प्रिंट घेऊन पुन्हा खानावळीत गेले. काकांनी कागद ट्यूबलाइटखाली हात लांब करून धरला.

"ल बरोबर आहे," ते म्हणाले. "आता फोन नंबर मोठा करा."

तेवढ्यात आईचा मेसेज आला: पत्रा परत टाकू का, हौदात पाला पडतोय. मी लिहिलं, टाक, पण अक्षरं वरच्या बाजूला ठेव. तिचं उत्तर आलं: उन्हानं रंग जाईल, पालथाच बरा.