रिकाम्या पिस्तुलाशी रोज काय करतोस, हे तुम्ही विचारलंत म्हणून

गेल्या सहा वर्षांत हा प्रश्न मला पुण्यातल्या लग्नांत, डॅलसच्या गणपतीत आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर सारखा विचारला गेला आहे: गोळी सुटत नाही, नेम लागला की नाही ते कळत नाही, मग रोज अर्धा तास भिंतीसमोर उभे राहून एक मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, पाडायचे आणि दुसरे घालायचे, यात सराव तो कसला? मी दर वेळी वेगळे उत्तर दिले. त्यातले एकही खोटे नव्हते आणि एकही पुरे नव्हते. घरात बंदूक असावी की नसावी हा वाद इथे नको. त्यावरचे तुमचे मत मला पाठ आहे आणि माझे तुम्हाला.

मी ज्या स्पर्धांना जातो त्या भरवणारी यूएसपीएसए ही अमेरिकेतली नेमबाजीची संघटना १९८४ पासून आहे आणि तिची आंतरराष्ट्रीय मातृसंस्था १९७६ मध्ये मिसूरीतल्या कोलंबिया शहरात स्थापन झाली, तेव्हा हे माझ्याच डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. या खेळात मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात आणि त्या भागाकारावर क्रम ठरतो. मी सुरुवात केली तेव्हा माझ्या गटात मॅगझिनमध्ये १० गोळ्याच भरता येत, आणि मोठ्या स्टेजला, म्हणजे स्पर्धेतल्या एका फेरीला, ३२ पर्यंत लागत. म्हणजे धावता धावता तीनदा मॅगझिन बदलणे आलेच. मला दर बदलाला अडीच सेकंद लागत, पुढच्या मंडळींना दीड. गोळ्या महाग, रेंज ४० मैलांवर, आणि मॅगझिन बदलायला गोळी सुटावी लागत नाही. घरी सराव करण्यामागे याहून गूढ असे काही नाही.

प्रत्यक्षात करतो ते असे. अंगठ्याने कळ दाबून जुने मॅगझिन सोडायचे, आणि ते पडू लागते त्याच क्षणी डावा हात पट्ट्यावरच्या नव्या मॅगझिनपाशी पोहोचलेला असला पाहिजे. तर्जनी मॅगझिनच्या पुढच्या कडेला अशी सरळ लागते की वरच्या काडतुसाचे नाक तिच्या टोकाला जाणवते. पिस्तूल खाली न नेता चेहऱ्यासमोरच किंचित कलते करायचे, नजर मुठीतल्या चौकोनी पोकळीवर ठेवायची आणि मॅगझिन तिथे नेऊन तळहाताने वर ठोकायचे. पायाशी आईने शिवलेली जुनी गोधडी अंथरतो, कारण फरशीवर आपटून मॅगझिनच्या कडा वाकतात.

पहिले वर्ष मी टायमरशी शर्यत लावण्यात घालवले. दुसरी, म्हणजे वेळ संपल्याची, बीप वाजायच्या आत हात वर पोहोचला की मी खूश. मॅगझिन ‘खट्’ करून अडकले की नाही, याकडे माझे लक्ष नसे. पुढे ‘एल प्रेसिडेंटे’ या ठरलेल्या कसोटीत, जिथे १० यार्डांवरच्या तीन लक्ष्यांकडे पाठ करून उभे राहायचे, वळून प्रत्येकावर दोन गोळ्या झाडायच्या, मॅगझिन बदलायचे आणि पुन्हा दोन-दोन झाडायच्या, माझी सातवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, आधीच होती म्हणून सुटली आणि नवे मॅगझिन सर्वांदेखत माझ्या बुटावर पडले. दोष मी रिकाम्या, हलक्या मॅगझिनच्या माथी मारला आणि खरे वजन हवे असे ठरवले. नऊ मिलिमीटरचे काडतूस साधारण १२ ग्रॅमचे असते. प्लॅस्टिकची रंगीत डमी काडतुसे त्यापेक्षा हलकी वाटली, म्हणून खरे पितळ आणि खरी गोळी घेऊन, दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टिकली) न घालता, मी स्वतःच डमी बनवली. बाजूने पाहिले तर ती हुबेहूब खरी दिसत. बुडाशी प्रायमरच्या जागी भोक असे, एवढाच फरक.

आता ज्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही, ते.

स्पर्धेहून परतलेला रविवार होता. आई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आली होती आणि शेजारच्या खोलीत आडवी पडून जप करत होती. मी पट्ट्यावरची मॅगझिने काढली, त्यातल्या एकात तीन गोळ्या उरल्या होत्या, आणि ती बाहेर न काढताच मी वरून सात डमी भरल्या. हे कसे झाले याला माझ्याकडे दमलो होतो यापलीकडे कारण नाही. सराव सुरू करण्यापूर्वी मी चेंबर तपासले, मॅगझिनच्या तोंडाशी पाहिले. तिथे डमीच होती. त्या दिवशी मी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे अडकलेल्या स्थितीतून मॅगझिन बदलत होतो: नवे घालायचे, स्लाइड सोडायची, भिंतीवरच्या कागदी लक्ष्यावर चाप ओढायचा, चेंबरमध्ये शिरलेले काडतूस बाहेर काढायचे. हे त्या मॅगझिनवर सहा वेळा झाले. कळीवर घासून अंगठ्याचे साल निघाले म्हणून मी थांबलो. मॅगझिन रिकामे करू लागलो तेव्हा एक भोक असलेले काडतूस निघाले, आणि त्यामागून चकचकीत प्रायमर असलेली तीन.

म्हणजे अजून दोनदा.

त्या भिंतीत अर्ध्या इंची जिप्समचे दोन तक्ते आणि मध्ये पोकळी, इतकेच असते, आणि पलीकडे आईच्या पलंगाची उशाची बाजू होती. मी तिच्या खोलीत गेलो. ती म्हणाली, “आज एकेचाळीस वेळा पाडलंस.” माझी मॅगझिने पडल्याचे आवाज ती मण्यांसारखे मोजत असे, हे मला त्या दिवशी कळले.

तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो, की झाले काहीच नाही आणि तपासले तर होतेच. त्याला मी स्पर्धेचाच नियम दाखवतो: पिस्तूल हाताळण्यासाठी जी सुरक्षित जागा राखलेली असते, तिथे डमी काडतुसाला हात लावला तरी खेळाडू बाद होतो. हा नियम मला तोंडपाठ होता आणि मी तो अतिरेकी समजत होतो. वजनाचा युक्तिवादही टिकत नाही. मॅगझिन अडकले नव्हते ते मी पुरते ठोकले नव्हते म्हणून, आणि रिकाम्या मॅगझिनवरही ते शिकता आले असते. मग सराव सोडला का? नाही. डमी टाकून दिल्या, खऱ्या गोळ्या वेगळ्या खोलीत कुलपात गेल्या, आणि आता मी गॅरेजमध्ये, विटांच्या बाहेरच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. बदल दीड सेकंदांवर आला आहे आणि त्याचा मला आनंद होतो, हेही लपवत नाही.

गेल्या महिन्यात आईने फोनवर विचारले, “अजून पाडतोस का रे ते?”

“हो. आता गॅरेजमध्ये.”

“का? त्या खोलीत काय वाईट होतं?”

मी म्हणालो, इथे जागा जास्त आहे.