सँक्शन

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने भारतावर निर्बंध लादले. जूनमध्ये आमची आठवी सुरू झाली तेव्हा इंग्रजी पेपरांत जिकडेतिकडे 'सँक्शन्स'. आमच्या वर्गात बहुतेकांचे वडील बेस्टमध्ये नाहीतर महापालिकेत. त्यांच्या घरी सँक्शन म्हणजे आनंदाची बातमी: रजा सँक्शन झाली, पीएफचं लोन सँक्शन झालं. "बाई, मग भारताला सँक्शन मिळालं तर सगळे चिडलेत कशाला?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

बाईंनी धडा मिटला. लॅटिनमध्ये 'सांकिरे' म्हणजे एखादी गोष्ट पवित्र ठरवून पक्की करणं, कुणी ओलांडू नये अशी. 'सांक्तुस', म्हणजे पवित्र, हा त्याच घरातला. "सांताक्रूझ स्टेशन माहितीये ना? त्यातला सांता तोच. पोर्तुगीजांचा पवित्र क्रूस." रोमन कायद्यात 'सांक्तिओ' म्हणजे कायदा मोडणाऱ्याला काय शिक्षा, ते सांगणारा भाग. म्हणून एकाच शब्दाच्या पोटात मान्यताही आली आणि दंडही. इंग्रजीत तो आधी फर्मान म्हणून वावरला, अधिकृत मंजुरी हा अर्थ नंतरचा. देशांनी देशांची कोंडी करायची ती सँक्शन्स विसाव्या शतकातली. १९३५ साली इटलीने अबिसीनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने ती लावली होती.

जाता जाता बाई म्हणाल्या, आपला 'मंजूर' अरबीतून आलाय, 'नजर'चा सख्खा भाऊ. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं. मला तर लॅटिनपेक्षा हेच जास्त पटतं. आपल्याकडे फाइल साहेबांच्या नजरेखालून जायलाच सगळा वेळ लागतो!

आज मी फोर्टमधल्या एका बँकेत लोन बघतो. सँक्शन लेटर हातात पडलं की लोक पेढे घेऊन येतात. पैसे अजून सुटलेले नाहीत, आधी मागच्या पानावरच्या अटी वाचा, हे मलाच सांगावं लागतं. त्याच मजल्यावर परदेशी व्यवहारांचं टेबल आहे. तिथे प्रत्येक नाव संयुक्त राष्ट्रांच्या सँक्शन लिस्टशी ताडून बघतात. जुळलं की व्यवहार तिथेच अडकला. नवीन लागलेली पोरं इंटरकॉमवर विचारतात, "सर, पार्टी सँक्शन्ड आहे का?" मी म्हणतो, आधी सांग, कुठल्या टेबलावरून बोलतोयस?