फायरफॉक्स 'स्ट्रिक्ट' केलं, आता तपासायचं कसं?

क्रोम सोडून फायरफॉक्स हा ब्राउझर घेतला की जाहिरातवाल्यांच्या पाळतीतून सुटलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण त्यातल्या ट्रॅकिंग-संरक्षणाचं मूळ सेटिंग 'स्टँडर्ड' असतं, आणि त्यात साध्या विंडोत ट्रॅकरच्या, म्हणजे तुम्ही कुठे काय बघता ते टिपणाऱ्यांच्या, बऱ्याच स्क्रिप्ट (पानासोबत येणारे छोटे प्रोग्राम) खुशाल चालतात. त्या अडतात फक्त प्रायव्हेट विंडोत. 'स्टँडर्ड'ची खरी कमाई म्हणजे टोटल कुकी प्रोटेक्शन, जून २०२२ पासून आपोआप मिळू लागलेलं. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची चिठ्ठी. यात प्रत्येक साइटची कुकीची बरणी वेगळी. बातम्यांच्या साइटवर जाहिरातवाल्याने ठेवलेली कुकी त्याला खरेदीच्या साइटवर सापडत नाही.

स्क्रिप्टही अडवायच्या तर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग 'स्ट्रिक्ट'. उघडे टॅब रीलोड केल्याशिवाय त्यांना ते लागू होत नाही.

तपासायला ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं 'कव्हर युअर ट्रॅक्स' हे चाचणीचं पान वापरा. आधी जुन्या ब्राउझरमध्ये, मग 'स्टँडर्ड'वर, मग 'स्ट्रिक्ट'वर. यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन) टाकलेलं असेल तर तेवढ्यापुरतं बंद ठेवा, नाहीतर कोणी काय अडवलं ते कळणारच नाही.

ही चाचणी ब्राउझरचा ठसाही (फिंगरप्रिंट, म्हणजे भाषेसारख्या तपशिलांवरून पटणारी ओळख) तपासते. निकालात 'युनिक', म्हणजे एकमेव, दिसलं की लोक हबकतात. ठसा किती वेगळा ते बिट्समध्ये मोजतात. १७ बिट्स म्हणजे २ चा १७ वा घात: १,३१,०७२ ब्राउझरमध्ये तुमच्यासारखा एक. पण ही तुलना ती चाचणी करणाऱ्यांशीच असते, साऱ्या जगाशी नाही. तपशिलात भाषेची ओळ बघा. पसंतीच्या भाषांत मराठी पहिली ठेवली असेल तर तेवढ्यानेही तुम्ही गर्दीत उठून दिसता. (म्हणून मराठी काढा असं मी म्हणणार नाही.) ब्रेव्ह या ब्राउझरची गोष्ट निराळी. तो कॅनव्हास (पानावर चित्र काढण्याची सोय) आणि ऑडिओवरून मिळणाऱ्या ठशात मुद्दाम थोडी भेसळ करतो, त्यामुळे आजचा ठसा उद्याशी जुळत नाही. त्याचे बिट्स फायरफॉक्सच्या बिट्सशी ताडून काही हाती लागत नाही.

बिट्सचा आकडा कमी करायला फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिग या आतल्या सेटिंग्जच्या पानातलं 'रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग' चालू करा, असा सल्ला हमखास मिळतो. रोजच्या प्रोफाइलवर नको. साइटला तुमची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणून सांगितली जाते, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. वेब कॅलेंडरमधली सकाळी १० ची मीटिंग पहाटे ४:३० ला दिसू शकते.

माझा जास्त भरवसा कन्सोलवर, म्हणजे ब्राउझर पानाबद्दलच्या नोंदी दाखवतो त्या जागेवर. एखादी जाहिरातींनी भरलेली साइट उघडा, एफ१२ दाबा, कन्सोल टॅब निवडा, पान रीलोड करा. अडवलेल्या प्रत्येक स्क्रिप्टचा पत्ता तिथे दिसतो. पत्त्याच्या पट्टीतल्या ढालीवर क्लिक केलं की त्याच ट्रॅकरची वर्गवारी मिळते. आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) मात्र यातलं काहीच लपवत नाही.

'स्ट्रिक्ट'वर सगळ्यात आधी मोडतात त्या दुसऱ्या साइटकडून पानात बसवलेल्या चौकटी: कॉमेंट, व्हिडिओ, दुसऱ्या खात्याने लॉगिन, कधी कार्डाच्या ओटीपीचं पान. अशा वेळी अख्खं सेटिंग उतरवू नका. ढालीतून त्या एका साइटपुरतं संरक्षण बंद करा. तेही पैसे भरायला घेण्याआधी, कारण बटण फिरवताच पान रीलोड होतं आणि अर्धवट व्यवहार लटकू शकतो.